हॉलिवूडचा खळाळ: शहराच्या मधोमध धावणारं पाणी

(दृश्य: विद्यापीठाच्या विटांच्या इमारती. उतारावरून नदीकडे जाणारा रस्ता. मागून पाण्याचा आवाज वाढत जातो.)

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी, रिचमंड. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या मन्रो पार्क आवारातून दक्षिणेकडे चालत निघालं, की ऑरेगन हिलची जुनी वस्ती लागते. तिच्या टोकाला जमीन एकदम खाली उतरते. जेम्स नदी इथे दिसण्याआधी कानावर येते.

ॲपलॅचियन डोंगरांतून निघालेली ही नदी चेसापीकच्या उपसागराला मिळते. वाटेत रिचमंड शहराच्या हद्दीत ती जेमतेम 11 किलोमीटरांत सुमारे 32 मीटर खाली येते. डोंगराकडचा कठीण ग्रॅनाइट इथे संपतो आणि किनाऱ्याकडचा मऊ गाळ सुरू होतो. मऊ थर नदीने सहज कापून नेला, ग्रॅनाइट मात्र तसाच अडून राहिला. या सीमेला ‘फॉल लाइन’ म्हणतात. फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन ही शहरंही याच रेषेवर आहेत, कारण समुद्रातून वर येणारी गलबतं या खडकांपाशी अडायची. 1607 साली इंग्रज कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्टची तुकडी इथूनच मागे फिरली. ज्या खळाळाने वाट अडवली, त्यानेच पुढे गिरण्यांना आणि लोखंडाच्या कारखान्यांना पाणी दिलं.

(दृश्य: रॉबर्ट ई. ली पुलाच्या पोटाखाली टांगलेला पादचारी पूल. समोर झाडीने भरलेलं बेट.)

बघायला जायचं ते बेल आइल या बेटावर. वाहनांच्या मोठ्या पुलाखाली टांगलेल्या अरुंद पुलावरून चालत पलीकडे जाता येतं. बेटावर उतरलं की उत्तरेच्या काठाने जायचं. इथल्या पाण्याचं नाव हॉलिवूड. सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही. समोरच्या टेकडीवर हॉली नावाच्या काटेरी झाडांमुळे हॉलिवूड म्हटली जाणारी जुनी दफनभूमी आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. होडीवाल्यांच्या अवघडपणाच्या एक ते सहा या श्रेणीत याला एरवीच्या पातळीला चौथी श्रेणी देतात.

(दृश्य: खडकांमधून घुसणारं पाणी, संथ गतीत.)

पहिली काही मिनिटं नुसता पांढरा गोंधळ दिसतो. मग त्यातल्या खुणा ओळखू येतात.

आधी गुळगुळीत, काळसर जीभ शोधा. दोन खडकांमधून पाणी आवळलं गेलं की इंग्रजी ‘व्ही’चा आकार होतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने असेल, तर ती मोकळी वाट. टोक उलट, वरच्या बाजूला असेल, तर तिथे पाण्याखाली खडक दडलाय आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फाटतंय. होडीवाला सगळ्यात आधी हेच बघतो.

जीभ संपते तिथे लाटा उभ्या असतात. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी साधारण जागच्या जागी वरखाली होतं. इथे उलट: पाणी पुढे जातं, लाट जागेवर राहते. एक मीटर खोल पाण्यात तरंग सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने पसरतो. खडकावरून उतरणारी धार याहून जलद असेल, तर तरंगाला उलट वर चढताच येत नाही. खाली पोचून पाणी अचानक मंदावतं, उसळून उभं राहतं. हवा त्यात मिसळते आणि पाणी पांढरं दिसतं. हवा मिसळलेलं पाणी हलकं, म्हणून त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

प्रत्येक मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलटं, वरच्या दिशेने फिरत असतं. कयाक या अरुंद होड्या वल्हवणारे दम घ्यायला तिथेच शिरतात. मुख्य धार आणि हे परतणारं पाणी यांच्या मधल्या रेषेवर छोटे भोवरे धरतात. एक वाळकं पान त्या रेषेवर पडेपर्यंत थांबा, सगळं समजतं.

वेगही मोजता येतो. काठावर दहा मीटर अंतर पावलांनी धरा, वरच्या खुणेपाशी काटकी सोडा, सेकंद मोजा. चार सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अडीच मीटर. तळाशी घर्षणाने पाणी मंदावतं, म्हणून सरासरी वेगासाठी 0.85 ने गुणा: सुमारे 2.1. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, हे मोजताना लक्षात ठेवा.

(दृश्य: पडद्यावर पातळीचे आकडे. त्याच खडकांची उन्हाळ्यातली आणि पुरातली चित्रं शेजारी शेजारी.)

खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले, हे पावसाळ्यात पुण्यात विचारतात. इथे विचारतात, ‘वेस्टहॅमला किती फूट?’ शहराच्या वरच्या अंगाला असलेलं हे मोजणी केंद्र आहे, आणि त्याचा आकडा इंटरनेटवर सतत दिसतो. उन्हाळ्याच्या शेवटी पातळी चार फुटांच्या आसपास किंवा खाली असते. निम्मी नदी उघडे खडकच असते आणि लोक त्यांवर ऊन खात पडतात. पाच फुटांपासून पुढे नदीत उतरणाऱ्याला लाइफ जॅकेट सक्तीचं. नऊ फुटांपासून परवान्याशिवाय पाण्यात जायला बंदी. बाराला पूर. 1972 च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाच्या पावसाने शहराच्या खालच्या अंगाच्या वेगळ्या मोजपट्टीवर 36.5 फूट पाणी चढलं होतं. पूररोधक भिंत नंतर बांधली.

रिचमंडचं आकाश निरभ्र असतानाही नदी चढते, कारण पाऊस डोंगरात पडलेला असतो आणि ते पाणी इथवर यायला वेळ घेतं. म्हणून आकाश बघून बेत ठरवू नका. आकडा बघा, आणि तो वाढतोय की उतरतोय तेही.

पाणी वाढलं की खळाळ अधिक भयंकर दिसेल, असं वाटतं. पुष्कळदा उलट होतं. खडक बुडतात, फेस कमी होतो, आवाज भरदार पण एकसुरी होतो. दिसायला सोपी झालेली ही नदी जास्त वाईट, कारण आडोशाच्या जागा नाहीशा होतात आणि झाडांचे ओंडके धारेत येतात. ओंडक्याच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

त्याहून फसवा म्हणजे बुटका बंधारा. शहराच्या वर बोशरचा बंधारा आहे. त्यावरून पाण्याची सरळ, सारखी चादर पडते, पायथ्याशी जेमतेम फेस. पण ती चादर काठापासून काठापर्यंत सलग असते, म्हणून पायथ्याचं उलटं फिरणारं पाणीही सलग. नैसर्गिक खळाळात धार कुठेतरी तुटलेली असते आणि बाजूने निसटता येतं. बंधाऱ्याखाली बाजूच नसते.

(दृश्य: ओला खडक, शेवाळ, बूट.)

बघणाऱ्यांचा घात बहुधा काठावरच होतो. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत, बूट पकडून ठेवणारा. ओलसर काळा पट्टा दिसला की तिथे शेवाळ आहे. त्याच्या अलीकडेच थांबा. धावत्या पाण्यात गुडघ्याच्या वर उभं राहू नका: पाय दगडांच्या फटीत रुतला, की पाणी पाठीवर रेटा देऊन माणसाला पालथं पाडतं आणि पाय सुटत नाही. पडलातच तर उभं राहायची धडपड नको. उताणं व्हा, पाय पुढे आणि वर, आणि तिरकं काठाकडे हातांनी पाणी मारत जा. पडलेल्याला वाचवायला मागोमाग उडी मारू नये, दोर फेकावा. दोर स्वतःच्या अंगाला बांधू नये, हे तर नक्कीच.

(दृश्य: खडकातला गोल खड्डा, तळाशी वाटोळे गोटे.)

पाणी कमी असेल तेव्हा खडकांवर ओळखीची खूण सापडते: रांजणखळगे. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत, त्याच जातीचे, आकाराने मात्र लहान. भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरत राहतात आणि खड्डा घासून खोल करतात. निघोजचा खडक बेसाल्ट, हा ग्रॅनाइट, कारागीर एकच.

कधी यावं? एप्रिलमध्ये शॅड आणि हेरिंग मासे समुद्रातून वर चढतात, त्यांच्या मागे बगळे आणि मासेमार घारी. पाणी तेव्हा भरपूर, पण गार. खडक बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर. शरदाच्या तोंडाशी स्टर्जन हा माणसापेक्षा लांब होणारा, हाडांच्या ढाली अंगावर वागवणारा मासाही अंडी घालायला नदीत येतो आणि कधीकधी पाण्याबाहेर अख्खा उडी मारतो.

(दृश्य: संध्याकाळ. खालच्या अंगाला, 14व्या रस्त्याचा पूल.)

हॉलिवूडपासून थोडं खाली, 14व्या रस्त्याच्या पुलापाशी, खडक संपतात. इथवर समुद्राची भरती पोचते. वरून आलेला फेस पुलाखाली रेंगाळतो, आणि भरती चढत असेल तर थबकून हळूच मागे सरकतो.