थायलंडचं बेट निवडताय? आधी महिना सांगा

नमस्कार मंडळी! थायलंडच्या बेटावर जायचं ठरलं की घरोघरी एकच वाद रंगतो: फुकेत की क्राबी? मग हॉटेलला पूल आहे का, नाश्ता धरून आहे का, वगैरे. कोणत्या महिन्यात जायचं यावर मात्र कुणी बोलत नाही, कारण सुट्टी शाळेनं आणि ऑफिसनं आधीच ठरवून दिलेली असते. आणि नेमका तिथेच घोळ होतो. म्हणून आज हॉटेलांबद्दल मी जवळपास काहीच सांगणार नाहीये.

(स्क्रीनवर दक्षिण थायलंडचा नकाशा)

हे बघा. थायलंडची ही खाली उतरत गेलेली चिंचोळी पट्टी. तिच्या पश्चिमेला अंदमान समुद्र. हो, आपल्या अंदमानचाच. या बाजूला फुकेत, क्राबी, फी फी, को लांता, सिमिलन, आणि पार खाली मलेशियाच्या हद्दीजवळ को लिपे. पूर्वेला थायलंडचं आखात. तिथे वरून खाली को ताओ, को फांगान आणि को सामुई. फुकेत आणि सामुई यांच्यातलं सरळ अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पण दोघांचा पावसाळा वेगळा.

पश्चिमेकडच्या बेटांवर पाऊस आणतो तो आपलाच नैऋत्य मोसमी वारा. तिथे तो मेच्या मध्याला हजर होतो, म्हणजे मुंबईच्या आधी, आणि ऑक्टोबरपर्यंत मुक्काम ठोकतो. मालवणात मे संपता संपता स्कूबा आणि किल्ल्याच्या बोटी बंद होतात ना? तसंच सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. फी फीजवळचा माया बे हा प्रसिद्ध किनारा ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद. पर्यटकांच्या गर्दीनं तिथलं प्रवाळ इतकं खराब झालं होतं की २०१८ मध्ये तो बंदच केला, तो उघडला थेट जानेवारी २०२२ मध्ये.

आखाताकडे उलटा प्रकार. तिथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्याचा, जो नोव्हेंबरात चेन्नईला झोडपतो तोच. सामुईत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट. अपवाद एक लक्षात ठेवा: कंबोडियाच्या हद्दीजवळचं को चांग. ते आखातात असलं तरी त्याचा पावसाळा पश्चिमेकडच्यासारखाच, मे ते ऑक्टोबर.

आता आपल्या सुट्ट्या यावर बसवू.

मे महिना. पोरांच्या परीक्षा संपल्या, सगळे मोकळे. टूरवाले सवयीनं फुकेत-क्राबी विकतात, आणि जाहिरातीतला फोटो असतो जानेवारीतला. मेमध्ये सामुई घ्या. उकाडा असतो, मधूनच एखादी सरही येते, पण समुद्र बऱ्यापैकी शांत. जुलै-ऑगस्टलाही माझं उत्तर सामुईच.

दिवाळी जरा अवघड, कारण ती जागेवर थांबत नाही. अधिक महिना आला की पुढे सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर डोळे झाकून पश्चिम किनारा: क्राबी, को लांता, फुकेत. ऑक्टोबरात असेल तर दोन्हीकडे पावसाचा धोका आहे. तरी मी पश्चिमच घेईन, कारण तिथला पाऊस ओसरत असतो आणि सामुईचा वाढत असतो.

नाताळात पश्चिम किनारा सुंदर असतो, फक्त भाव बघून छातीत धस्स होतं. जमत असेल तर फेब्रुवारी गाठा. तेव्हा दोन्ही किनारे छान असतात.

"पावसाळ्यात फुकेत निम्म्या किमतीत मिळतंय, जाऊ का?" हा प्रश्न नेहमी येतो. जुन्या फुकेत शहरातली रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं बघायची आहेत, खायचं-प्यायचं आहे, मसाज घ्यायचा आहे, तर खुशाल जा. बोटीच्या सहली आणि पोहणं हेच कारण असेल तर नको. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ वादळात 'फिनिक्स' नावाची पर्यटक बोट बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला तर गुडघाभर पाण्यातसुद्धा शिरायचं नाही. आपल्याकडची "जरा पाय भिजवून येतो" ही सवय तिथे महागात पडते.

बरं, सामुई ठरलं. आता पोचायचं कसं? सामुईचा विमानतळ बँकॉक एअरवेजचा स्वतःचा आहे, १९८९ पासूनचा. स्पर्धा कमी, त्यामुळे तासाभराच्या उड्डाणाचं तिकीट चांगलंच चढं. स्वस्त रस्ता असा: बँकॉकहून सुरात थानीला विमान, तिथून बसनं डोनसाक धक्का, आणि मग दीड तासाची फेरी बोट. पैसे वाचतात, अर्धा दिवस जातो. सोबत आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल तर मी थेट विमानाचेच पैसे मोजेन.

यात एक सापळा आहे. बँकॉकला दोन विमानतळ: सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त विमानं बरीचशी डॉन मुआंगवरून सुटतात. मुंबईहून सुवर्णभूमीला उतरून दोन तासांत डॉन मुआंगचं पुढचं विमान पकडायचं म्हणाल, तर विसरा. इमिग्रेशनची रांग, सामान आणि बँकॉकचं ट्रॅफिक धरून पाच-सहा तास तरी मध्ये ठेवा.

कागदपत्रांचं पटकन सांगते. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे थायलंडमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही, बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर एकदा बघाच. आणि ई-सिगारेट बॅगेत नको, तिथे तिच्यावर बंदी आहे. सनस्क्रीनची बाटलीही उलटून वाचा: ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट हे रसायन असेल तर राष्ट्रीय उद्यानांत ते चालत नाही. दंड एक लाख बाथपर्यंत आहे.

स्कूटर भाड्यानं सहज मिळते, म्हणून ती घ्यावी असं नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला नसेल, तर अपघातानंतर प्रवास विमा बहुधा हात वर करेल.

शाकाहारी मंडळींनो, तिथे भाजीच्या डिशमध्येही फिश सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली 'जे' खानावळ शोधा. तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. जैन कुटुंबांनी हे लिहूनच ठेवा.

आणि परतीचं. बेटावरून निघायचं आणि त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं, असं कधीही करू नका. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि विमान कुणासाठी थांबत नाही. शेवटची रात्र बँकॉकमध्येच काढा. तुम्ही कोणत्या महिन्यात निघताय ते कमेंटमध्ये लिहा, मी बेट सुचवते.