गळ्याला अवघड, तरी ओठांवर: केन्शी योनेझू यांची कराओके गाणी

जपानमधली कराओकेची ही खोली जेमतेम चार माणसे बसतील एवढी आहे. भिंतीला लागून सोफा, समोर मोठा टीव्ही, टेबलावर दोन माइक, एक टॅम्बोरिन, खुळखुळ्यांची जोडी आणि गाणे निवडण्यासाठी टचस्क्रीनची जाडजूड पाटी. भाडे बहुधा अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने आकारले जाते आणि वेळ संपायला दहा मिनिटे उरली की भिंतीवरचा फोन वाजतो. पुण्या-मुंबईत हौशी गायकांचे गट सभागृह घेतात आणि किशोरकुमार-रफींची गाणी कराओकेवर श्रोत्यांपुढे सादर करतात. जपानमध्ये मात्र कराओके म्हटले की प्रथम ही बंद खोली डोळ्यांसमोर येते. ऐकायला असतात ते सोबतचे चार मित्र. आणि एकट्यानेच जाऊन गाण्याची ‘हितोकारा’ नावाची रीत रूढ झाल्यापासून पुष्कळदा तेही नसतात.

अशा खोल्यांतून २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी कराओकेच्या वार्षिक यादीत पहिले आलेले गाणे म्हणजे जपानी गायक-गीतकार केन्शी योनेझू यांचे ‘लेमन’. ही यादी कोणाच्या अंदाजावर बेतलेली नसते. १९९२ पासून गाणी दूरध्वनीच्या तारेवरून थेट यंत्रात उतरू लागली, आणि तेव्हापासून कोणत्या खोलीत कोणते गाणे लावले गेले याची नोंद होत जाते. याच दोन वर्षी ‘बिलबोर्ड जपान’च्या वार्षिक यादीतही ‘लेमन’ अव्वल होते, हे खरे. परंतु ऐकणे आणि गाणे यांत फरक आहे. ऐकायला काहीच लागत नाही. गायला मात्र कचेरीतल्या सहकाऱ्यांसमोर स्वतःचा आवाज उघडा करावा लागतो, आणि म्हणून माणसे सहसा सोपे, सवयीचे गाणे निवडतील अशी आपली अपेक्षा असते. योनेझू यांची गाणी सोपी नाहीत.

याचे कारण त्यांच्या उमेदवारीच्या काळात सापडते. १९९१ मध्ये तोकुशिमा प्रांतात जन्मलेल्या योनेझू यांनी २००९ पासून ‘हाची’ या नावाने इंटरनेटवर गाणी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्या गाण्यांत गाणारा माणूस नव्हता. संगणकावर घडवलेला ‘हात्सुने मिकू’चा कृत्रिम आवाज होता. यंत्राला दम लागत नाही. दोन ओळींमध्ये श्वासाला जागा ठेवावी, शब्द जिभेला पेलतील इतकेच भरावेत, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारताना गळ्याची सोय पाहावी, असली बंधने तिथे आपोआप गळून पडतात. २०१० मधले ‘मात्र्योश्का’ हे त्यांचे गाणे ऐकले की ही मोकळीक त्यांनी किती मनसोक्त वापरली ते कळते. आणि नवल असे, की यंत्रासाठी रचलेले तेच गाणे तरुण मुले कराओकेच्या खोल्यांत जाऊन गाऊ लागली. जीभ अडखळली की हशा, ओळ पार पडली की टाळ्या. माझ्या मते योनेझू यांच्या पुढच्या लोकप्रियतेचे बीज इथेच आहे. २०१२ मध्ये ‘डायोरामा’ या संग्रहातून ते स्वतःच्या खऱ्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात समोर आले, तरी चाल बांधण्याची ती सवय त्यांच्या हातातून गेली नाही.

आता ‘लेमन’ जवळून पाहू. २०१८ च्या आरंभी, अनैसर्गिक मृत्यूंचा शोध घेणाऱ्या शवचिकित्सकांवरच्या ‘अननॅचरल’ या दूरदर्शन मालिकेसाठी ते लिहिले गेले, आणि ते घडत असतानाच योनेझू यांचे आजोबा वारले. गेलेल्या माणसाला उद्देशून केलेल्या या रचनेत लिंबाचा कडवट वास छातीत घर करून राहिला आहे. गाणे सुरू होते तेच शब्दांनी. सूर पकडण्यासाठी आधी वाद्यांचा तुकडा मिळत नाही, त्यामुळे खोलीतला गायक माइक तोंडाशी धरून पहिल्या शब्दासाठी टपून बसलेला असतो. सुरुवातीच्या ओळी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारख्या जातात. मग जपानी लोक ज्याला ‘साबी’ म्हणतात तो गाण्याचा उत्कर्षाचा भाग येतो, चाल एकदम वर चढते, आणि मध्येच आवाज चोरून वरच्या स्वराला नुसता स्पर्श करून परत यावे लागते. पुरुषांना हा भाग उंच पडतो, स्त्रियांना सुरुवात खोल पडते, आणि मग पाटीवरचे पट्टी बदलण्याचे बटण दाबले जाते. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात मधूनमधून एक उचकीसारखा उद्गार ऐकू येतो. इतक्या गंभीर गाण्यात तो कशासाठी आहे यावर श्रोत्यांनी भरपूर चर्चा केली आहे.

त्यांची इतर गाणी वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला आली. २०१७ चे ‘उचिआगे हानाबी’, म्हणजे आकाशात उडवलेले शोभेचे दारूकाम, हे दाओको या गायिकेसोबतचे युगुलगीत जोडीने गाणाऱ्यांचे. ‘पाप्रिका’ हे ‘फूरिन’ या पाच मुलांच्या गटासाठी लिहिलेले गाणे, आणि त्याला २०१९ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. घरातले लहान मूल सोबत असेल तर ते हातवाऱ्यांसह होणारच. ‘पीस साइन’ आणि २०२२ चे ‘किक बॅक’ ही अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन, मालिकांची गाणी. यांतले दुसरे म्हणजे धापा टाकत गायची आरडाओरड आहे, आणि अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण संघटनेने ‘गोल्ड’ मानांकन दिलेले ते पहिले जपानी भाषेतील गाणे ठरले.

स्वतः योनेझू मात्र दूरदर्शनवर गायला बराच काळ राजी नव्हते. अखेर ३१ डिसेंबर २०१८ च्या रात्री, ‘कोहाकु उता गास्सेन’ या वर्षअखेरच्या कार्यक्रमात, ते आपल्या तोकुशिमा प्रांतातून थेट गायले. नारुतो येथील ओत्सुका कलासंग्रहालयात व्हॅटिकनमधील चित्रांनी नटलेल्या सिस्टिन चॅपेलची मूळ आकाराची, चिनी मातीच्या फरशांवर उतरवलेली प्रतिकृती आहे. त्या दालनात मेणबत्त्यांच्या रांगांमध्ये ते उभे होते.

इकडे खोलीत तेच गाणे नुकतेच संपले आहे. पडद्याच्या वरच्या भागात स्वरांच्या आडव्या पट्ट्या सरकत होत्या, आणि गायकाचा सूर त्यांवर बसतो की घसरतो, कंप किती वेळा आला, स्वर खालून वर ओढून किती वेळा घेतला, हे यंत्र टिपत होते. स्वतःच्या आजोबांच्या आठवणीने गायक क्षणभर गप्प बसला आहे. तेवढ्यात तुतारी वाजते, पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव होतो आणि गुण झळकतात, दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत.