गच्चीवरचा हिवाळा

संक्रांत तोंडावर आलीय आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या ह्या गच्चीवर मावशी आत्ता कुठं ट्युलिप लावायला बसल्यात. शेजारचे म्हणणार, सीझन गेला की ओ! पण नाही गेलेला.

ट्युलिप मूळचं मध्य आशियातल्या डोंगराळ भागातलं. फुलाची कळी कंदाच्या पोटात आधीच तयार असते, पण साधारण १२ ते १६ आठवडे कडक थंडी खाल्ल्याशिवाय तिचा दांडा काय धड वर येत नाही. युरोपात ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावतात, कुणाचं राहून गेलं तर डिसेंबरात, अगदी जानेवारीतपण, जमीन गोठलेली नसली म्हणजे झालं, कारण तिथं थंडी अजून शिल्लक असते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ ला सुरू झालेली ती मोठी ट्युलिप बाग आहे ना, तिलापण हिवाळा फुकटातच मिळतो.

आपल्याकडं जानेवारीत रात्री पारा १४-१५ च्या आसपास आणि दुपारी परत तिशीला टेकतो. आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरतो ते ठीक, ट्युलिपला ह्या थंडीचं काहीच वाटत नाही.

म्हणून मावशींचा हिवाळा फ्रिजमध्ये. ऑक्टोबरपासून कंद कागदी पिशवीत, भाजीच्या ड्रॉवरमध्ये, ४-५ डिग्रीला. म्हणजे इथं उशीर मोजायचा तो फ्रिजपासून, कुंडीपासून नाही. आणि त्या ड्रॉवरमध्ये सफरचंद, केळी, पिकलेला टोमॅटो काहीच ठेवायचं नाही, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन गॅस सुटतो आणि कळी आतल्या आत मरते, वरून कंद टणक दिसतो, तुम्हाला पत्ताच लागत नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव पण घाला, दिसायला हुबेहूब कांदा आहे, कुणीतरी उचलून रश्श्याला फोडणी द्यायचं! १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपाशी डच लोकांनी हे कंद खाल्लेत खरं, पण आपल्यावर काय तशी वेळ नाही, उगाच पोट बिघडून घेऊ नका.

फ्रिजमधून काढला की थेट कुंडीत, मधे बाहेर ठेवून द्यायचा नाही. टोक वर, चांगला पंधराएक सेंटीमीटर खोल, म्हणजे वरची माती तापली तरी खाली कंद गार राहतो. मातीत वाळू मिसळायची, पाणी तुंबलं तर कंद कुजलाच. ऊन फक्त सकाळचं. फूल आलं की डोळे भरून बघायचं आणि कंद टाकून द्यायचा, आपल्या हवेत तो परत फुलायचा नाही.

आणि ज्यांनी थंडी न दिलेले कंद आत्ता जानेवारीत विकत घेतलेत त्यांचं काय? अवघड आहे भावा. आज फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेर येईपर्यंत एप्रिल, आणि कोल्हापूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा निशिगंध आणा. तोही कंदच, पण त्याला फ्रिज-बिज लागत नाही, मार्च-एप्रिलला लावला की तीनेक महिन्यात, ऐन पावसात फुलतो. घेताना सिंगल पाकळीचा मागा, हाराला तोच चालतो आणि वासपण त्यालाच जास्त.