आधी काटा बघा

नमस्कार श्रोतेहो. ऑटोमॅटिक गाडी. सिग्नल सुटतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी ढिम्म. मग एकदम उसळी. तोवर मागचे हॉर्न सुरू. काही जण तर दिवा हिरवा व्हायच्या आधीच वाजवतात, त्यांना कुठून कळतं कोण जाणे! असो.

माझ्या गाडीनं हे सुरू केलं तेव्हा जो तो म्हणाला, गिअरबॉक्स गेला. मलाही पटलं, कारण रिव्हर्समध्ये गाडी झकास उचलायची, अडखळायची ती फक्त पुढे जाताना. म्हणजे पुढचे गिअर खराब, सरळ हिशोब! गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स उतरवायचा दिवसही ठरवला.

आदल्या संध्याकाळी ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. शेजारच्या सीटवर बसले नि म्हणाले, "तुम्ही रस्ता बघा, मी काटा बघतो." काटा म्हणजे आरपीएमचा, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा. जेमतेम दोनशे मीटर गेलो असू. "थांबवा. पाय दाबला तरी काटा वर येत नाही. इंजिनच जोर देत नाहीये, गिअरबॉक्स चाकांना काय देणार?"

"अहो, मग रिव्हर्समध्ये कशी पळते?"

ते नुसते हसले. बॉनेट उघडलं. एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा घड्याघड्यांचा रबरी पाइप असतो ना, त्याच्या घड्या त्यांनी बोटांनी फाकवल्या. खालच्या अंगाला ही एवढी चीर! पुढे जाताना जोर पडला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं. चीर उघडते. सेन्सरनं न मोजलेली हवा आत घुसते आणि तिच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या बाजूला कलतं, चीर मिटते. माझा भक्कम पुरावा तो हाच!

तर पुन्हा सांगतो, काटा बघा. पाय दाबूनही काटा चढत नसेल, तर इंजिनाकडे वळा: हवेचा पाइप, एअर फिल्टर, मळलेला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, इंधनाचा दाब. आणि हो, ईको मोड चालू राहिलाय का, तेही बघा. काटा झरकन चढला पण गाडी मागेच राहिली, तर गिअरबॉक्स. फक्त सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक असेल तर घाबरू नका, काटा आधी चढणं हा तिचा स्वभावच. काही नव्या गाड्यांत काटाच काढून टाकलाय आणि स्क्रीनवर नुसती चित्रं. मला हे मुळीच आवडत नाही.

गिअरबॉक्सवर संशय आला तरी तो उतरवण्याआधी त्याचं ऑइल बघा. ऑइल कमी पडलं की दाब बसत नाही, आतले क्लच घसरतात. काळपट, जळका वास असेल तर ते पुष्कळ तापलेलं आहे. बऱ्याच गाड्यांत हे ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजतात. तुमच्या गाडीचं पुस्तिकेत बघा. पुष्कळ नव्या गाड्यांत मोजायची पट्टीच नसते, तिथे गाडी वर उचलूनच मोजावं लागतं.