म्हातारपणाची पावली

(अंबाजोगाई इथं ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका फिजिओथेरपिस्टनं केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)

मंडळी, बोलायच्या आधी एक करून बघू. तळपाय जमिनीला टेकवा, हात छातीशी घ्या आणि खुर्चीला हात न लावता उभं राहा. सावकाश. जमलं त्यांचं छानच. ज्यांना हात टेकवावा लागला त्यांनी मनाला लावून घेऊ नका, आजची बैठक तुमच्याचसाठी आहे. माझ्या आईलाही टेकवावा लागायचा.

आई तेव्हा 79 वर्षांची. न्हाणीतून बाहेर येत होती. शेजारच्या मावशींनी दारातून काहीतरी विचारलं, आईनं चालता चालता मान वळवून उत्तर दिलं आणि पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर दवाखान्यातून व्यायामाचा छापील कागद मिळाला. मी रोज तो तिच्यापुढं धरायचे. दोन दिवस तिनं केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला कामून कवायत करायला लावायलीस?" मी रागावले. रागवायला नको होतं. त्या कागदात तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे ती पडली ते कारणही त्या कागदात नव्हतं. शहाबादी फरशी होती, पण कोरडी होती. पायातही तसं बळ होतं. तिला चालणं आणि बोलणं एका वेळी पेललं नाही. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या माणसांबद्दल हेच नोंदवलं. चालताना कुणी बोलायला लागलं की जे थांबतात, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. तरुणपणी पाय आपले आपण चालतात. वय वाढलं की प्रत्येक पावलाकडं मनाला लक्ष द्यावं लागतं. ते लक्ष दुसरीकडं गेलं की पाऊल चुकतं. म्हणून व्यायाम पायाचाही हवा आणि लक्षाचाही, आणि दोन्ही एकाच वेळी.

जिनिव्हा शहरात हे करून पाहिलंय. तिथं एमिल जाक-दालक्रोझ नावाचे संगीत शिक्षक होऊन गेले, 1865 ते 1950 हा त्यांचा काळ. ताल आधी अंगात मुरला पाहिजे, असं म्हणून ते विद्यार्थ्यांना संगीतावर चालायला लावत. त्यांची ती पद्धत पुढं तिथल्याच डॉक्टरांनी पासष्टीपुढच्या 134 जणांवर वापरली. आठवड्यातून एक तास, सहा महिने. पियानो वाजायचा, त्यावर चालायचं, लय बदलली की चाल बदलायची. हे करणाऱ्यांचं पडणं न करणाऱ्यांच्या मानानं जवळपास निम्म्यावर आलं. आठवड्याला फक्त एक तास, हे लक्षात घ्या.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं पियानो आला नाही, पावली आली. हरिपाठाला उभं राहिलेलं माणूस काय करतं? पाय ठेक्यावर टाकतं, हातानं टाळ वाजवतं, तोंडानं अभंग म्हणतं, कान पखवाजाकडं आणि डोळे समोरच्याच्या पावलाकडं. लय वाढली की सगळं एकदम वाढवतं. लक्षाची याहून चांगली तालीम मला माहीत नाही. ती आपल्या दारात आहे, आणि आपण साठीनंतर माणसाला तिच्यातून उठवून भिंतीला टेकून बसवतो. बायकांना तर फारच लवकर. हे मला मनापासून बोचतं.

एका एकादशीला गल्लीतलं महिला भजनी मंडळ आमच्याकडं आलं. आई खुर्चीवर होती. कुणीतरी तिच्या हातात टाळ दिला. मोडलेल्या हाताची मूठ पुरती वळत नव्हती, म्हणून तिनं टाळाची दोरी बोटाला दोन वेढे देऊन घेतली. भजनी ठेका सुरू झाला आणि मी बघते तर लुगड्याच्या काठाखाली तिची टाच हलत होती. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कागद बाजूला ठेवला. पहिला आठवडा बसूनच. मग ती खुर्चीच्या पाठीला डावा हात धरून उभी राहायला लागली. उजवा पाय पुढं, परत जागेवर, डावा पुढं, परत. पाऊल पडायचं आणि टाळ अर्धी मात्रा मागून यायचा, तो मागून आलेला आवाज तिलाही खटकायचा. दीड महिन्यानं दोन्ही एकत्र पडले त्या दिवशी मी म्हटलं, आई, व्यायाम झाला. ती म्हणाली, "व्यायाम कशाचा, मी तर भजन करायले."

पाय बसले की आम्ही नावं घालतो. पुढचा म्हणतो "जनाबाई", बाकीच्यांनी पाऊल न मोडता म्हणायचं "गंगाखेड". "गोरोबाकाका", "तेर". "एकनाथ", "पैठण". "नामदेव", "नर्सी". "ज्ञानोबा", "आपेगाव". "मुकुंदराज" म्हटलं की इथं सगळा हॉल एका सुरात ओरडेल. आठवायचं आणि चालायचं एकदमच. नंतर उलटं विचारायचं, गाव सांगून संत. तिथं भल्याभल्यांचं पाऊल अडखळतं. अडखळू द्या, पण खुर्ची हाताशी असू द्या.

ज्यांना नामस्मरण करायचं नाही, त्यांनी शेतातलं गाणं घ्या, जात्यावरची ओवी घ्या. ठेका ठाम हवा, एवढंच. वेग सुरुवातीला घड्याळाच्या सेकंदकाट्याएवढा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते, म्हणजे सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरा. रबरी स्लीपर काढा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर बसल्यावरून एकदम उठू नका, आधी बसूनच पाय हलवा. उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळी आठच्या आतच उरकायचं, पाणी पिऊन. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभ्यानं करू नये, बसून करा, बसूनही टाच, चवडा, टाळ सगळं होतं. आणि अभंगाचा एक चरण एका दमात म्हणता येईना, की थांबायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच बसा आणि सांगा, लपवू नका.

आता खुर्च्या भिंतीला लावून घ्या. मागच्या ओळीतल्या मावश्या, तुम्हीही या, आज कुणी बघायला बसायचं नाही. काठी असेल ती डाव्या हातात राहू द्या, टाळ नसेल तर मांडीवर थाप मारा. पखवाजवाले नाना, ठेका जरा दबूनच धरा, आणि मी सांगेपर्यंत लय वाढवू नका. उजवा पाय पुढं…