पाणी ओतलं की पाणी घातलं?

नमस्कार मंडळी. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलायचंय, ओतणे. विषय एवढासा वाटेल, पण हल्ली मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ बघा, कढईत तेल ओता, मग नारळाचा रस ओता, वरून सोलाचं पाणी ओता, सगळीकडे ओता ओता, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ह्यातल्या प्रत्येक कामाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि आपल्या आया-आज्या तो रोज वापरायच्या. फोडणीला तेल घालतात. पानात आमटी वाढतात, पाहुण्याच्या भातावर आमटी ओतली असं कुणी सांगितलं तर दोघांचं भांडण झालं असेल असंच आपल्याला वाटेल.

मग ओतायचं कधी? भांडं कलतं करायचं, आतलं धारेनं बाहेर येऊ द्यायचं, ते ओतणं. पातेल्यातला चहा गाळणीतून कपात ओततो, कळशीतलं पाणी हंड्यात ओततो. आणि पदार्थ पातळच हवा असंही नाही हं, पोत्यातले तांदूळ डब्यात ओततोच की आपण. सुटा हवा, वाहता हवा, एवढंच. ओतण्यात लक्ष सगळं भांड्याकडे असतं, ते रिकामं होत जातं. म्हणून तर जीव ओतून काम केलं म्हणतो, हातचं काही राखलं नाही असा त्याचा अर्थ.

सांडणं वेगळं. पाणी सांडलं म्हटलं की कुणी सांडलं हे सांगायची गरजच नाही, ते आपोआपही सांडतं. पण पाणी ओतलं म्हटलं की कुणीतरी ओतलंय, नाव नाही घेतलं तरी त्या वाक्यात एक माणूस उभा असतो. शिंपडताना धार मोडते, थेंब होतात. आणि दूध ऊतू जातं ते तर ह्या घरातलंच नाही, तिथं कुणाचा हात नसतो, चुलीचा जाळ असतो.

आता घालणे. इथं लक्ष घेणाऱ्याकडे जातं, मला हा फरक फार मोलाचा वाटतो. तुळशीला पाणी घालतो. तुळशीत पाणी ओतलं म्हटलं तर तांब्या रिकामा करायचा होता म्हणून केला असं होतं. मंगेशीला पिंडीवर अभिषेक करतात, धार धरतात, देवाच्या डोक्यावर पाणी ओतलं असं आपल्या तोंडून निघणारच नाही. दान देताना उदक सोडतात. उदक हा शब्द मराठीत असा पूजेतला, दानातला, आणि आपल्या गोव्यात कोंकणीत नळाला येतं तेही उदकच, तेव्हा आपल्या मुलांना हा शब्द जड वाटायचं कारण नाही, फक्त त्याच्यापुढे मराठीत काय येतं ते सांगायला हवं.

पावसाचं मात्र बघा, जूनमध्ये एकदा सुरू झाला की आपण म्हणतो नुसता ओततोय. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पडतोय म्हणून कसं भागेल! तिथं भांडंही नाही आणि हातही नाही, तरी शब्द बरोब्बर बसतो, कारण वर कुणीतरी घागरी पालथ्या करतंय असंच वाटतं.

दुसरा मोठा अर्थ धातूचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. हे करणारा तो ओतारी, त्याचं ते ओतकाम. आपल्याकडे डिचोलीचं पितळकाम नावाजलेलं. समई घरी असेल तर बघा, तिचे भाग वेगवेगळे ओतून आट्यांनी जोडलेले असतात, ती ओतीव. तांब्याचा हंडा पत्रा ठोकून केलेला, तो घडीव. बाजारात भांडं हातात घेऊन ओतीव की घडीव असं विचारणारी माणसं कमी होत चाललीत, ती राहायला हवीत असं मला फार वाटतं.

इथं एका ताईंनी विचारलं की मग ओतप्रोत म्हणजे ओतून भरलेलं का. चांगला प्रश्न आहे. नाही, तो संस्कृत शब्द विणकामातला, ओत आणि प्रोत म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांसारखं एकमेकांत विणलेलं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? ते म्हणतात, वायूत. पाणी तिथंही आहे बघा, पण ओतणं नाही. आनंदानं ओतप्रोत भरलेला असं आपण लिहितो त्यातलं भरलेलं हे मागाहून आलंय, आणि आता ते रुळलंय, त्याला चूक म्हणायला मी तयार नाही.