झालर पडली तर पडू द्या

क्रोशाचा गोल रुमाल विणताना फेरीगणिक खांब (उभे टाके) हिशेबात वाढवले, तर तो सपाट बसतो. कमी वाढवले की टोपी होते. जास्त झाले की कडेला झालर पडते, आणि शिकवणारी म्हणते, 'उसव.'

1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या लातव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी ही झालर मुद्दाम पाडली. हायपरबोलिक भूमिती, म्हणजे अशा झालरदार पृष्ठभागाची भूमिती, विद्यार्थ्यांच्या हातात द्यायची होती. आपण शाळेत शिकलो, की रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा निघते. इथे हव्या तेवढ्या निघतात! कागदाची मॉडेल्स हाताळून फाटायची. बाईंनी सुई घेतली. ठरावीक टाके घातले, की शेवटच्याच टाक्यात आणखी एक. पुढे पुन्हा तेच. टाके घट्ट, म्हणजे तुकडा लुळा पडत नाही. तो दुमडला की घडीवर सरळ रेषा उमटते. तिच्यावर रंगीत दोरा घातला की समांतर रेषांचं प्रकरण डोळ्यांसमोर.

आता लॉस एंजेलिसला. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी. माहेर ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड. ग्रेट बॅरियर रीफ हा अवाढव्य प्रवाळखडक तिथलाच. समुद्र तापतोय, प्रवाळ पांढरे पडतायत, हे पाहून 2005 मध्ये त्यांनी ताइमिन्याबाईंच्याच रीतीने लोकरीचा प्रवाळखडक विणायला घेतला. प्रवाळांच्या कित्येक जातींचा आकार मुळात असाच, झालरीचा. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो, वाहतं अन्न टिपायला बरं.

गंमत अशी, की नियम तंतोतंत पाळला तेव्हा विणलेलं फार शिस्तीचं दिसायचं. कुठे दोन टाके जास्त, कुठे मध्येच लोकर बदललेली, असं होऊ लागलं तेव्हा कुठे ते समुद्रातलं वाटायला लागलं. मला विचाराल तर या कामातली सगळ्यात मोठी सूट हीच.

मग गावोगावच्या बायकांनी, काही पुरुषांनीही, आपापले खडक विणले. प्लास्टिकच्या पिशव्या कापून त्यांच्या पट्ट्यांचाही एक विणला गेला. 2019 मध्ये हे काम व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात पोचलं. विणकामाला 'बायकांचा फावल्या वेळचा उद्योग' म्हणणाऱ्यांनी तिथे तिकीट काढून ते पाहिलं असेल.

घरी करून बघायचंय? वीस टाक्यांनी सुरुवात करा आणि प्रत्येक टाक्यात दोन घाला. दहाव्या ओळीला टाके होतील 20,480. तेव्हा सहा टाक्यांमागे एकच वाढवा, आणि लोकर तरीही जास्तीची आणून ठेवा.